२०१० प्रियस : टायरमधले चारही प्रेशर सेन्सर बदलल्याच्या नोंदी

गाडी टोयोटा प्रियस, २०१० चं मॉडेल, १५ इंची चाकं, सेन्सर (चाकातल्या हवेचा दाब मोजून रेडिओनं गाडीला कळवणारे) गाडीबरोबर आलेलेच. मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. हवा पुढे ३५ आणि मागे ३३ पीएसआय, हे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीतले आकडे. त्याच काळातली टोयोटा असेल तर यातलं बरंचसं जसंच्या तसं चालेल. दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत चाकातलं काम हेच, पण सेन्सरचा आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, गाडीत नोंदवायची तऱ्हा निराळी.

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

सकाळी गाडी चालू केली तर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. तोच तो, टायरच्या कापात उद्गारचिन्ह असलेला. मिनिटभर लुकलुकला आणि मग तसाच पेटून राहिला.

दिवा पहिल्यापासून स्थिर पेटला तर हवा कमी झालेली असते. आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेतच बिघाड आहे, हवेशी त्याचा संबंध नाही. तरी खात्री म्हणून चारही चाकं मोजली. हवा चोख.

शेजारचे काका कुत्रं फिरवत होते. ते म्हणाले, "अरे, स्टिअरिंगखाली बटण आहे बघ. दाबून धर, जातो दिवा. माझा गेला होता."

त्यांचा गेला होता, कारण त्यांच्या टायरमध्ये हवाच कमी होती आणि ती भरल्यावर त्यांनी बटण दाबलं होतं. ते सेटचं बटण गाडीला एवढंच सांगतं की आत्ता आहे ती हवा योग्य धर आणि पुढची तुलना तिच्याशी कर. मेलेला सेन्सर त्यानं जिवंत होत नाही. उलट हवा कमी असताना कुणी ते दाबलं तर गाडी कमी हवेलाच योग्य समजून बसते. काकांना हे सांगितलं. ते "बरं बरं" म्हणून निघाले, पटलेलं दिसलं नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

कोणतं चाक? ही गाडी सांगत नाही. नव्या गाड्यांत पडद्यावर प्रत्येक चाकाचा आकडा येतो, इथे सगळ्यांचा मिळून एक दिवा. गाडीच्या मेंदूत चार सेन्सरचे चार आयडी साठवलेले असतात, पण कुठला आयडी कुठल्या चाकात हे त्यालाही ठाऊक नसतं.

लॅपटॉपवर टेकस्ट्रीम हे टोयोटाचं तपासणी सॉफ्टवेअर आणि मिनी व्हीसीआय नावाची २८ डॉलरची स्वस्तातली केबल घेतली. केबलचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, ३२ बिटी विंडोजच्या जमान्यातला, माझा लॅपटॉप ६४ बिटी. अख्खी दुपार गेली. शेवटी मित्राकडचा विंडोज ७ चा धूळ खात पडलेला लॅपटॉप आणला, त्यावर पहिल्या झटक्यात चाललं. तुमच्याकडे जुना लॅपटॉप असेल तर ड्रायव्हरशी झटापट करूच नका.

बिघाडाचा कोड आला सी २१२३, म्हणजे आयडी क्रमांक ३ कडून संदेश नाही. इथे ३ म्हणजे तिसरं चाक असं बरेच जण धरून चालतात आणि भलतंच चाक खोलून बसतात. तो फक्त यादीतला तिसरा आयडी असतो. टेकस्ट्रीमच्या पडद्यावर चारही आयडी दिसतात, ते वहीत उतरवून घेतले.

मग चाक शोधलं. टायरवाल्यांकडे सेन्सरला १२५ किलोहर्ट्झची हाक देऊन जागं करणारं यंत्र असतं, माझ्याकडे नाही. त्यावरचा उपाय टोयोटाच्याच दुरुस्तीच्या पुस्तकात आहे : ३० सेकंदांत ४० किलोपास्कल, म्हणजे ६ पीएसआयच्या आसपास, हवा झटकन सोडा. हवा वेगानं उतरतेय हे कळलं की सेन्सर लगेच संदेश पाठवतो. तो ऐकायला माझ्याकडे विमानांचे संदेश पकडायच्या हौसेपायी घेतलेला यूएसबी रेडिओ होता. त्यावर आरटीएल-४३३ हे फुकटचं सॉफ्टवेअर ३१५ मेगाहर्ट्झला लावलं. अमेरिकेतले त्या काळातले बहुतेक टोयोटा सेन्सर याच लहरीवर बोलतात.

पुढचं डावं चाक : व्हॉल्व्हची पिन दाबली, फुस्स, आणि पडद्यावर ओळ. आयडी, दाब, तापमान, बॅटरी ठीक. पुढचं उजवं : ओळ आली, पण बॅटरी कमी. मागचं उजवं ठीक. मागचं डावं : फुस्स, फुस्स आणि काहीच नाही. वहीतल्या चारपैकी न दिसलेला आयडी तिसराच होता. सापडलं.

मधूनच रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या सेन्सरच्याही ओळी येत होत्या. या संदेशांना कसलंही कुलूप नाही, कोणीही ऐकावं. हवा परत भरायला पायपंप होता. पुढच्या वेळी हे करण्याआधी विजेचा पंप आणणार.

बुधवार, १६ ऑक्टोबर

एकच बदलायचा की चारही?

सेन्सरच्या आत लिथियमची बॅटरी असते आणि ती राळेत बुडवून बंद केलेली असते. बाहेरून बदलायची सोयच नाही. साधारण ५ ते १० वर्षं चालते म्हणतात, माझ्या त्याहून जास्त चालल्या. चौघांचं वय एक. एक मेला, दुसरा कुरकुरतोय, उरलेले दोघे कधीही जातील. आणि खर्च सेन्सरपेक्षा टायर उतरवण्या-चढवण्याचा आणि बॅलन्सिंगचा जास्त टोचतो. एकेक करत बसलं तर दर वेळी नवा आयडी नोंदवायचा व्यापही आलाच. चारही.

डीलरला फोन केला : सगळं धरून पाचशेच्या वर. बाहेरचा टायरवाला म्हणाला, सेन्सर तुम्ही आणा, मी चाकामागे २० डॉलर घेईन, पण नोंदणी करून देणार नाही. मला हेच हवं होतं.

दिव्यावर काळी पट्टी लावून मोकळं व्हा, असं एकानं सुचवलं. दुसऱ्यानं तर चारही सेन्सर प्लॅस्टिकच्या जाड नळीत घालून, नळीत हवा भरून ती डिकीत ठेवायचा सल्ला दिला. लोक करतात असं. गाडीला वाटतं चारही टायर टुणटुणीत आहेत. पण पाण्यासाठी केलेल्या पीव्हीसी नळीत दाबाखाली हवा कोंडायची आणि ती पोरांच्या सीटमागे ठेवायची? फुटली तर तिचे तुकडे उडतात. नको.

शनिवार, १९ ऑक्टोबर

ऑनलाइन मागवलेला चार सेन्सरचा संच आला. ६८ डॉलर, वर्णनात 'टोयोटासाठी, २०१० प्रियसला चालेल' असं ठसठशीत. खोक्यावर लहरीचा उल्लेख नाही. सेन्सर हातात घेऊन फोनच्या उजेडात त्याच्या पाठीवरची बारीक छपाई वाचली : ४३३.९२.

युरोपात आणि भारतात ४३३ मेगाहर्ट्झ चालतं, माझी गाडी ३१५ वर ऐकते. हे चाकात बसवले असते तर हवा धरली असती, टायर फिरले असते आणि गाडीला एक अक्षर ऐकू गेलं नसतं. त्यानंतर चारही टायर पुन्हा उतरवायचे, म्हणजे ८० डॉलर पाण्यात. म्हणून चाकाला हात लावण्याआधी ही छपाई वाचाच. भाग क्रमांक जुळला म्हणून भागत नाही.

नाशिकच्या धाकट्या भावाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन. "दादा, परत कशाला करतोस? इकडे ४३३च चालतं ना? माझ्या गाडीला होतील, येताना घेऊन ये."

लहर जुळली म्हणून भाषा जुळत नाही. प्रत्येक कंपनीची संदेशाची मांडणी वेगळी असते, त्याची गाडी कोरियन कंपनीची. त्याला म्हटलं, तुझ्या गाडीच्या बॅटऱ्या जातील तेव्हा तुझ्या गाडीचेच घे. संच परत पाठवला, टपालखर्च ९ डॉलर माझ्या माथी. आठवडा गेला तो वेगळाच.

शनिवार, २६ ऑक्टोबर

दुसरा संच आधीच्या आठवड्यातच मागवला होता, १४८ डॉलर. मूळचे सेन्सर ज्या जपानी कंपनीचे होते तिचेच, पाठीवर ३१५. रबरी वायसर, नट आणि निकेलचा मुलामा दिलेली व्हॉल्व्हची पिन बरोबर आलेली. पिनेचं महत्त्व पुढे कळेलच.

टायरवाल्याकडे जाण्याआधी चारही सेन्सर ओळीत ठेवून फोटो काढले आणि आयडी हातानं कागदावर उतरवले. सेन्सर चाकात गेला की आयडी दिसत नाही, आणि आयडीशिवाय नोंदणी नाही. ज्यांनी हे केलं नाही ते दुकानाबाहेर उभं राहून प्रत्येक चाकाची हवा सोडत बसतात. आठ आणि बी हे अंक-अक्षर बारीक छपाईत सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक आयडी रेडिओवरही ताडून पाहायचं ठरवलं. सेन्सर मुठीत धरून पंपाच्या नळीनं हवा मारून बघितली, दाद मिळाली नाही. शेवटी जाड झाकणाच्या छोट्या प्रेशर कुकरमध्ये ठेवायचा विचार मनात आला. बायकोनं माझा चेहरा बघूनच कुकर उचलून आत नेला. भिंग घेऊन वाचले.

दुकानात माणूस हुशार होता. टायरची कड सुटी करताना यंत्राचा फावडा व्हॉल्व्हपासून लांब लावला. तो व्हॉल्व्हजवळ लागला तर आतला सेन्सर चिरडतो. तुमचा टायरवाला मुकाट्यानं सुरुवात करायला लागला तर आधी सांगा की आत सेन्सर आहे.

तीन चाकं सुरळीत झाली. चौथं मागचं डावं. त्याच्या व्हॉल्व्हवर कधीतरी कुठल्या दुकानानं शोभेचं धातूचं झाकण बसवलं होतं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. अॅल्युमिनियमची नळी, वर दुसऱ्या धातूचं झाकण आणि मधे मिठाचं पाणी, एवढं झालं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. झाकणाच्या कडेला पांढरी भुकटी साठली होती, चुन्यासारखी, आणि झाकण हलेना. त्यानं पक्कड लावली, पिळलं. टक्क. झाकण नळीसकट हातात आलं आणि सगळी हवा एका दमात बाहेर. त्या चाकातला सेन्सर तसाही मेलेलाच होता, म्हणून नुकसान शून्य. पण हेच रस्त्यात, हवा भरायला थांबलेलं असताना झालं असतं तर गाडी तिथेच बसली असती. आत पाहिलं तर पिनही साधी पितळी, तीसुद्धा नळीत गंजून घट्ट. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला निकेलची पिन आणि प्लॅस्टिकचं झाकण लागतं, बाकी काही लावू देऊ नका.

घरी येऊन चाकांचे नट टॉर्क पान्ह्यानं, म्हणजे पीळ मोजणाऱ्या पान्ह्यानं, तपासले. या गाडीला ७६ फूट-पाउंड. दुकानातल्या नट आवळायच्या बंदुकीनं काही जास्तच आवळले होते, सोडवून पुन्हा कसले. वरची प्लॅस्टिकची कव्हरं बसवताना व्हॉल्व्ह कव्हरच्या खाचेसमोरच येतो ना ते बघायचं. वाकडं बसलं तर कव्हर नळीवर घासत राहतं.

दिवा अर्थातच अजून लुकलुकतोय.

रविवार, २७ ऑक्टोबर

सकाळी पुढच्या उजव्या चाकात २९ पीएसआय. काल ३५ भरली होती.

साबणाचं पाणी करून व्हॉल्व्हवर टाकलं. पिनेपाशी काही नाही. नळी रिममधून बाहेर येते तिथे, नटाच्या बुडाशी, एक बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला, परत फुगला. गळती तिथेच. नट आवळून बघायचा मोह आवरला. हा नट चाकाच्या नटासारखा नाही, त्याची ओढ अवघी ४ न्यूटन-मीटर. जास्त पिळला तर रबरी वायसर चेपून फाटतं किंवा नळीच तुटते.

दुकानात परत गेलो. टायर उतरवल्यावर कारण दिसलं. रिमच्या भोकाभोवती जुन्या गंजाचा खरखरीत थर होता आणि नवं वायसर त्यावरच बसवलेलं. तारेच्या ब्रशनं जागा घासून गुळगुळीत केली, नवं वायसर, ४ न्यूटन-मीटर, पुन्हा साबणाचं पाणी. बुडबुडा नाही. त्यानं पैसे घेतले नाहीत. बाकी तीन जागा शनिवारी घासल्या होत्या का, असं विचारलं तर म्हणाला, बहुतेक. त्यामुळे घरी आल्यावर तिन्ही साबणाच्या पाण्यानं तपासल्या. ठीक निघाल्या.

शनिवार, २ नोव्हेंबर, पाडवा

ओवाळणी, फराळ झाल्यावर गाडीशी बसलो. घरात पाहुणे आणि मी ड्राइव्ह-वेमध्ये जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन. यावर घरात जे बोललं गेलं ते इथे लिहित नाही.

ब्रेक न दाबता पॉवरचं बटण दोनदा दाबायचं. प्रियस निघायला तयार होत नाही, फक्त सगळी यंत्रणा जागी होते. टेकस्ट्रीममध्ये टायरच्या विभागात जाऊन आयडी नोंदणी निवडली. चार रकाने आले. इथे घड्याळ लागतं, ३०० सेकंदांत चारही आयडी भरून पाठवायचे, नाहीतर पहिल्यापासून. शिवाय चारही एकदम लागतात, एखादा जुना ठेवायचा असला तरी त्याचाही आयडी पुन्हा टंकावा लागतो. जुने चार आयडी वहीत उतरवून ठेवले होते ते अशा वेळी कामाला येतात.

पहिला आयडी भरला तर शेवटचा अंक आत जाईना. माझ्या कागदावर आठ अंक, रकान्यात जागा सातची. घोळ असा की या पिढीतल्या टोयोटा सेन्सरचा आयडी २८ बिटांचा, म्हणजे चार बिटांना एक अंक किंवा अक्षर धरून सात अंकी. नव्या सेन्सरवर आणि बऱ्याच यंत्रांच्या पडद्यावर तो आठ अंकी दिसतो. पहिला अंक सोडायचा आणि शेवटचे सात भरायचे. मी शेवटचा सोडत होतो. हे उमगेपर्यंत ३०० सेकंद संपले. दुसऱ्या वेळी चारही नीट भरले, पाठवले, यादी पुन्हा वाचून घेतली. चारही नवे आयडी दिसले.

आता सेट. हवा थंड टायरवर पुढे ३५, मागे ३३ करून घेतली आणि मगच स्टिअरिंगखालचं बटण दाबून धरलं. दिवा सावकाश तीनदा लुकलुकला की सोडायचं. त्यानंतर गाडी लगेच बंद करायची नाही, काही मिनिटं तशीच जागी ठेवायची. मग फेरी. ताशी २५ मैलांच्या वर वीसेक मिनिटं. रूट १ या महामार्गावर चकरा मारल्या. परत येऊन गाडी बंद-चालू केली. दिवा क्षणभर पेटला आणि विझला. टेकस्ट्रीमवर चारही चाकांचे दाब, चारही चाकांची तापमानं. पुढचं उजवं ३५. गळती बंद.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आठवडाभर हवा जागेवर, दिवा गप्प. हिशेब : सेन्सर १४८, टायरवाला ८०, केबल २८, टपाल ९. एकूण २६५ डॉलर. रेडिओ आधीपासून होता. तो नसेल तर विकत घेण्यापेक्षा टायरवाल्याला त्याच्या यंत्रानं चारही चाकं आधी वाचायला सांगा, बरेच जण ते फुकट करून देतात. आणि केबलच्या भानगडीत पडायचं नसेल तर नोंदणी करून देणारं दुकान गाठा. सॉफ्टवेअरमध्ये गेलेला वेळ मी मजुरीत धरलेला नाही, धरला तर डीलर स्वस्त पडेल.

मेलेला सेन्सर हौसेनं करवतीनं कापून पाहिला. नाण्याएवढी बॅटरी, तिचे पाय सर्किटच्या पाटीवर वेल्ड केलेले, वरून राळ. नवी बॅटरी डाकून चालू करणारे लोक आहेत. मी तो कचऱ्यात नाही, बॅटऱ्या गोळा करतात त्या डब्यात टाकला.

रविवार, २२ डिसेंबर

कडाक्याची थंडी आणि सकाळी दिवा परत पेटला. या वेळी लुकलुक नाही, थेट स्थिर. नोव्हेंबरनंतर मी गेज लावलाच नव्हता. तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की अंदाजे १ पीएसआय जाते, इथे दिवाळीपासून ४० अंशांहून जास्त उतरलं. वर थोडी हवा अशीही मुरते. सगळ्यात कमी मागचं डावं, २५. भरली, दिवा गेला. सेट दाबायची गरज नव्हती आणि दाबलंही नाही.

अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची आहे, पण नियमात दिवा लागायची मर्यादा शिफारशीच्या २५ टक्के खाली आहे. म्हणजे ३५ च्या टायरला २६ होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. महिन्याला एकदा गेज लावायचाच.

एका मित्रानं विचारलं की हिवाळी टायर वेगळ्या रिमवर आहेत, दर नोव्हेंबरला ही नोंदणी करायची का. त्याच्या गाडीतही जागा चारच आयडींची. त्याला सांगितलं की हिवाळी संचासाठी प्रोग्रॅम करता येणारे सेन्सर घे आणि त्यांत उन्हाळी चाकांचेच आयडी उतरवून घे. गाडीला फरक कळत नाही. फक्त एक संच चालू असताना दुसरा डिकीत टाकून फिरायचं नाही, नाहीतर एकाच आयडीचे दोन वेगळे दाब गाडीच्या कानावर पडतात. आणि टायर पुढेमागे अदलाबदल केले तर या गाडीत काहीच करावं लागत नाही, कारण कुठला आयडी कुठल्या चाकात हे तिला मुळात माहीतच नाही. फक्त पुढे ३५, मागे ३३ पुन्हा करून घ्यायची आणि मग सेट दाबायचं.